पांढरीची साक्ष : तेर गावाच्या स्थळखुणा

जुन्या मराठी दप्तरांत गावाची जमीन दोन शब्दांनी विभागलेली आढळते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद केवळ उपयोगाचा नाही, तो मातीचाही आहे. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात तेथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, हाडे, खापरे आणि शेणकूट यांचे थरावर थर साचतात आणि मूळची काळी भूमी हळूहळू भुरकट पांढरी होते. वस्ती उठून गेली तरी ही पांढर जागेवर राहते. शेजारच्या काळ्या रानातून ती दुरूनही वेगळी ओळखू येते.

राजघराण्यांचा इतिहास ताम्रपटांच्या आणि शिलालेखांच्या आधारे लिहिता येतो. गावाला बहुधा असा लेख नसतो. गावाचा इतिहास त्याच्या ठळक स्थळांत, म्हणजे टेकाडांत, देवळांत, समाधीत आणि नदीच्या काठावर, विखुरलेला असतो आणि तेथूनच तो गोळा करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. तेरणा नदीच्या काठचे हे गाव आज जिल्ह्यातील एक साधे खेडे असले, तरी दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव ग्रीक भाषेतील ग्रंथांत नोंदले गेले होते. या दोन अवस्थांमधील अंतर कोणत्या खुणांनी जोडले जाते, आणि त्या खुणा कितपत टिकून आहेत, याचा विचार येथे केला आहे.

१. नाव हीच पहिली खूण

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा निर्देश आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणापासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेला जाई. पैठणाहून मौल्यवान खडे जात, आणि तगराहून जाडेभरडे कापड, तलम वस्त्रे व इतर माल मोठ्या प्रमाणावर जाई. पुढे टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव येते.

हे तगर कोठले, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना जुन्नर हे तगर वाटले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मत धारूरच्या बाजूने होते. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. नंतरच्या स्थलनिरीक्षणाने आणि उत्खननांनी ते मत दृढ झाले.

फ्लीट यांच्या मताला भाषेचा पाठिंबा आहे. संस्कृत शब्दातील दोन स्वरांमधला ‘ग’ प्राकृतात लोप पावतो आणि त्याच्या जागी ‘य’ची श्रुती येते. नगर, नयर, नेर हा क्रम पारनेर, अमळनेर, संगमनेर या ग्रामनामांत स्पष्ट दिसतो. त्याच नियमाने तगर, तयर, तेर असा क्रम लागतो. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात धाराशिवच्या लेण्यांच्या संदर्भात तेरापुर हे नाव येते. तगर आणि तेर यांच्यामधली ही एक पायरी समजावयास हरकत नाही. तेर येथे महावीराचे जैन मंदिर आहे, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

पैठणाहून तेरची दिशा नेमकी पूर्व नाही, ती आग्नेय आहे. परंतु सरळ रेषेत हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. वळणावळणाच्या वाटेने बैलगाड्यांना दहा दिवस लागावेत हे त्या मानाने संभवनीय आहे. परक्या व्यापाऱ्याने ऐकीव माहितीवरून दिलेली दिशा काहीशी ढोबळ असावी, यात आश्चर्य नाही.

पुढच्या काळात तगराचे वैभव ओसरले, तरी नावाची प्रतिष्ठा ओसरली नाही. कोकणात आणि कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ज्या नगरात ते राहत नव्हते त्याचे स्वामित्व ते बिरुदात मिरवीत. कारण आपले कूळ तेथले, असे त्यांना सांगावयाचे होते. म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकांत तगर हे सत्तेचे स्थान नसून कुलीनतेची खूण झाले होते.

२. टेकाडे

तेरच्या परिसरात पांढरीची अनेक टेकाडे आहेत. कोट, मुलाणी, बैराग, रेणुका अशी त्यांची नावे रूढ आहेत. या नावांकडे लक्ष दिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले एकही नाव तगराची आठवण सांगत नाही. मुलाणी हा गावगाड्यातला हक्कदार, बैरागी हा फिरता साधू, रेणुका ही ग्रामीण उपासनेतली देवता. ज्याने त्या जागेचा शेवटी वापर केला, किंवा जी देवता तेथे शेवटी बसली, तिचेच नाव टेकाडाला चिकटते. गावाची स्मृती साधारणतः अशीच चालते. ती अलीकडच्या पिढ्यांची नावे जपते आणि फार जुन्या गोष्टींवर माती पडू देते.

ही माती उपसण्याचे शास्त्रीय काम विसाव्या शतकात झाले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे हेन्‍री कझिन्स यांनी येथील मंदिरांचे व टेकाडांचे वर्णन खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ साली पुण्याहून प्रकाशित झाला. साठोत्तरी दशकात व नंतरही येथे उत्खनने झाली.

या उत्खननांतून सातवाहनकालीन वस्तीचे चित्र पुढे आले. सातवाहनांची नाणी, मणी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, पांढऱ्या चिनी मातीच्या साच्यातून काढलेल्या आकृती आणि परदेशी घाटाच्या भांड्यांचे तुकडे येथे सापडले. विटांच्या एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेषही उघडकीस आले. पेरिप्लसमधल्या कापडाच्या पेठेत कोणत्या प्रकारचे लोक राहत होते, काय वापरीत होते आणि कोणाला वंदन करीत होते, हे ग्रंथातून कळत नाही. ते या खापरांतून आणि विटांतून कळते. स्वतः कापड मात्र काळाच्या ओघात कुजून गेले. ज्या वस्तूसाठी तगर प्रसिद्ध होते तीच वस्तू नेमकी मातीने राखलेली नाही. मातीने राखली ती मातीचीच भांडी.

३. विटांची देवळे

तेरच्या परिसरातील डोंगर काळ्या बेसाल्टचे आहेत. यादवकाळातील मंदिरे या प्रदेशात सर्वत्र घडीव दगडात उभारलेली दिसतात. तेर येथील जुन्या देवळांनी मात्र विटेचा आश्रय घेतला. त्रिविक्रम, उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही तीन मंदिरे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. प्राचीन महाराष्ट्रात विटांची बांधकामे पुष्कळ झाली असावीत. पण वीट झिजते, ढासळते, आणि पुढच्या पिढीच्या घराच्या भिंतीत जाते. म्हणून उभी राहिलेली उदाहरणे फारच थोडी. तेरला ती आहेत.

यांत त्रिविक्रमाचे मंदिर सर्वांत बोलके आहे. त्याचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार असून छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. अशा घाटाला शिल्पशास्त्रात गजपृष्ठाकार म्हणतात. विटांचे थर क्रमाने आत ओढून हे छप्पर साधलेले आहे. दर्शनी बाजूला चैत्यगवाक्षाची आकृती आहे. कार्ले किंवा भाजे येथे डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहाचा जो आकार, तोच येथे मोकळ्या जागेत विटांनी बांधलेला आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे याचे जवळचे सादृश्य असलेले उदाहरण होय. समोरचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला आहे.

कझिन्स यांच्या मते ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृहाची असून पुढे तिचे वैष्णव मंदिर झाले. कित्येक अभ्यासकांनी हे मत स्वीकारले. दुसरा पक्ष असे म्हणतो, की गजपृष्ठाकार हा एकट्या बौद्धांचा घाट नव्हता. ब्राह्मणी देवळेही त्या आकारात बांधली जात, तेव्हा केवळ आकारावरून मूळ पंथ ठरविता येणार नाही. दोन्ही पक्षांतले तथ्य लक्षात घेता एवढे निश्चित म्हणता येते, की चैत्यगृहाची परंपरा ज्या गवंड्यांच्या हातात मुरली होती त्यांनी ही वास्तू बांधली, आणि ती ज्या देवतेसाठी बांधली गेली असेल ती असो, पुढच्या पिढ्यांनी तिला पाडले नाही. त्यांनी तीत आपला देव पाहिला. आत तीन पावलांत विश्व व्यापणारा त्रिविक्रम उभा आहे. वास्तू टिकली ती पूजा टिकल्यामुळे. ओस पडलेली विटांची इमारत या प्रदेशातील पावसाळ्यांना फार शतके तोंड देऊ शकली नसती.

उत्तरेश्वराचे मंदिर लहान असले तरी त्याच्या विटांवरील नक्षीकाम आणि कोरीव लाकडी द्वारचौकट यांमुळे ते अभ्यासकांच्या नजरेत भरले. दारांच्या या कोरीव लाकडाचा अवशेष आज गावातील वस्तुसंग्रहालयात जपलेला आहे. इतक्या जुन्या लाकूडकामाचे नमुने महाराष्ट्रात अत्यंत विरळ आहेत. तेरच्या जुन्या विटांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांपैकी काही इतक्या सच्छिद्र व हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचे तूस यांसारखे ज्वालाग्राही द्रव्य मिसळून वीट भाजली, की ते द्रव्य जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. वीट हलकी झाली म्हणजे छपराचा भार कमी होतो. लोकांना हा चमत्कार वाटतो. वास्तविक तो भट्टीवर बसणाऱ्या कारागिराच्या अनुभवाचा परिपाक आहे.

४. कुंभाराचे घर आणि समाधी

तेरचे नाव आज महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे ते तगरामुळे नव्हे, तर गोरोबाकाकांमुळे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या समकालीन संतमेळ्यातील हे वडीलधारे संत जातीने आणि व्यवसायाने कुंभार होते. त्यांचे घर म्हणून गावात एक स्थान दाखविले जाते, आणि तेरणेच्या काठी कालेश्वराच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे शके १२३९ मधील, म्हणजे इ. स. १३१७ मधील, चैत्र वद्य त्रयोदशी हा त्यांच्या समाधीचा दिवस होय. त्या सुमारास येथे यात्रा भरते व दिंड्या येतात.

गोरोबांच्या चरित्रातील दोन कथा सर्वश्रुत आहेत. पहिलीत, नामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असताना त्यांचे रांगते मूल त्यांच्या पायांखाली येते. दुसरीत, संत जमले असता मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाका थापटणे हातात घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारतात आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगतात. नामदेव तेवढे कच्चे ठरतात आणि मग ते गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे जातात.

या कथांची ऐतिहासिकता हा वेगळा प्रश्न आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते त्यांचे साहित्य. दोन्ही कथा कुंभाराच्या अंगणात घडतात. माती तुडवून मऊ करणे, चाकावरून उतरलेल्या ओल्या भांड्याला थापटण्याने आकार देणे, आणि भाजून निघालेले भांडे ठोकून त्याच्या आवाजावरून पारख करणे, ही त्या व्यवसायातली नित्याची कामे होत. भाजलेले मडके खणखणीत वाजते, कच्चे बद्द वाजते. आध्यात्मिक पूर्णतेची कसोटी म्हणून ही उपमा वारकरी संप्रदायात रुजली, आणि ती तेरच्या एका कारागिराच्या हातातल्या हत्याराने रुजली. संतांच्या सभेत परीक्षक म्हणून कोणी शास्त्री बसला नाही, थापटणे धरणारा हात बसला, ही गोष्ट त्या काळच्या सामाजिक इतिहासातही मोलाची आहे.

सातवाहनकालीन मूर्ती घडविणारा कारागीर, त्रिविक्रमाच्या विटा भाजणारा भट्टीवाला आणि गोरोबाकाका यांच्यात वंशाचा दुवा सिद्ध करता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणेही योग्य नाही. परंतु तेरणाकाठची माती तीच आहे. या गावाने बाहेरच्या जगाला निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गोष्टी दिल्या. पण त्यांचा पुरावा प्रत्येक वेळी मातीनेच राखला आहे.

५. संग्रह

तेर येथील चौथी महत्त्वाची स्थळखूण आधुनिक आहे. ती म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे हे तेरचे रहिवासी. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण त्यांना नव्हते. पावसाळ्यात टेकाडांवरून पाण्याचे ओघळ वाहू लागले म्हणजे माती धुपून मणी, नाणी, मूर्तींचे तुकडे उघडे पडतात, हे तेरच्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. बहुतेकांच्या लेखी ती मुलांच्या खेळण्याची वस्तू होती. लामतुरे यांनी ती जमविली, राखली, आणि अभ्यासकांना दाखविली. हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि गावातच राहिला.

या संग्रहातील हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. डॉ. मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये तिच्यावर लेख लिहून तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. विपुल अलंकार ल्यालेली ही उभी मूर्ती वीतभरही उंच नाही. तिचे महत्त्व तिच्या एका दूरच्या बहिणीमुळे वाढले. इटलीतील पाँपेई या नगराच्या उत्खननात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती मोठी आहे आणि तिच्या दोन बाजूंना लहान परिचारिका आहेत. पण उभे राहण्याची ढब, दागिने आणि कोरण्याची पद्धत यांत दोहोंचे साम्य उघड आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ च्या उत्खननात अशाच एका मूर्तीचा खालचा भाग मिळाला. त्यामुळे हा कारागिरीचा प्रकार दक्षिणापथातला असावा, या तर्काला बळ आले.

आता येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्या वर्षापूर्वीची, हे निर्विवाद ठरते. तेरच्या मूर्तीला अशी तारीख नाही. ती शास्त्रीय उत्खननात, विशिष्ट थरात मिळालेली नाही. तिच्या वर काय होते, खाली काय होते, शेजारी कोणते नाणे वा खापर पडले होते, हे सांगणारा पुरावा उरलेला नाही. म्हणून तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तूचा काळ ठरविण्यासाठी अभ्यासकाला इटलीत जावे लागते. घरच्या साक्षीदाराचे वय परगावच्या नातेवाइकाला विचारावे, तसा हा प्रकार आहे.

यात लामतुरे यांना उणेपणा नाही. त्यांनी हात पुढे केला नसता तर ती मूर्तीच उरली नसती. उणीव आहे ती पांढरीकडे पाहण्याच्या सर्वसामान्य दृष्टीत.

६. पांढरीचे मोल

मराठवाड्यातील घरांच्या माळवदावर पसरण्यासाठी पांढरी माती नेण्याची चाल जुनी आहे. शेतात खत म्हणूनही ती टाकली जाई. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. घराला माती लागते, रानाला खत लागते, आणि टेकाड कोणाच्या उपयोगाचे दिसत नाही. जुन्या भिंतीतील घडीव विटाही अशाच नव्या भिंतीत गेल्या. एका अर्थाने गाव आपल्याच पूर्वजांच्या घरांवर जगत आले. त्रिविक्रमाच्या मंदिराने जे केले, म्हणजे जुन्या वास्तूला नव्या उपयोगात जिवंत ठेवले, तेच गावकरी आपल्या परीने करीत होते.

मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. मंदिर वापरल्याने वास्तू टिकली. पांढर वापरल्याने पांढर संपते. टेकाड हे पुस्तकासारखे असते. त्याचे सर्वांत जुने पान तळाशी आणि सर्वांत नवे पान वर असते. एखादे अक्षर, म्हणजे एखादा मणी वा नाणे, उचलून सुरक्षित ठेवता येते. पण पानांचा क्रम एकदा विस्कटला, की वाक्य पुन्हा जुळत नाही. संग्रहालय वस्तू राखू शकते, क्रम राखू शकत नाही. क्रम राखण्याची जागा एकच, ती म्हणजे न हललेली पांढर.

तगराचे कापड कुजले, शिलाहारांचे बिरुद लोपले, ग्रीक भाषेतील उल्लेख ग्रंथालयात राहिले. गावात उरले ते विटांचे छप्पर, कुंभाराची समाधी, काचेच्या कपाटातील मूर्ती आणि सभोवारची टेकाडे. पहिल्या तिन्ही खुणांना राखणदार मिळाला : एकीला पुजारी, दुसरीला वारकरी, तिसरीला एक चिकाटीचा संग्राहक. टेकाडांना असा राखणदार पांढरीशी रोज संबंध येणाऱ्या गावकऱ्यांतूनच मिळू शकतो. टेकाडाचा जो भाग अद्याप कुदळीखाली आलेला नाही, त्यात तेरचे पुढचे वय मोजण्याचे साधन आहे. तो भाग राहिला, तर तेरच्या मूर्तीची तारीख उद्या तेरलाच विचारता येईल.